धारवाड आर्कियनमध्ये की आर्कियननंतर? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: “भूगोलाच्या पुस्तकात भारतातल्या खडकांचा क्रम आर्कियन, धारवाड, कडप्पा, विंध्य, गोंडवाना, दख्खन ट्रॅप असा दिलाय. दुसरीकडे वाचलं की आर्कियन काळ २५० कोटी वर्षांपूर्वी संपला आणि धारवाडचे खडक त्याच्याही आधीचे आहेत. मग धारवाड आर्कियनमध्ये येतं की नंतर? आणि यातलं आपल्या जिल्ह्यात काही बघायला मिळतं का?”

काळाच्या हिशेबाने धारवाड आर्कियनमध्येच येते. तुमच्या पुस्तकातला क्रम मात्र काळाच्या विभागांचा नाहीच, तो खडकांच्या गटांचा आहे. खडकांची यादी वेगळी आणि काळाची यादी वेगळी. दोन्हींत “आर्कियन” हे नाव आल्यामुळे घोटाळा होतो. हा घोटाळा तुमचा एकट्याचा नाही, बी.एस्सी.ची मुलेसुद्धा यात अडकतात. मी भूजलाच्या कामात राहिलेला भूवैज्ञानिक. माझा रोजचा संबंध काळ्या पाषाणाशी, मुरमाशी आणि बोअरमधून वर येणाऱ्या चुऱ्याशी. पण खालचा खडक कोणता हे कळल्याशिवाय पाण्याचेही काही सांगता येत नाही, म्हणून हा विषय मला कधी सोडता आला नाही.

आधी ही खडकांची यादी आली कुठून ते बघू.

एकोणिसाव्या शतकात खडकाचे वय वर्षांत मोजायची सोय नव्हती. थरांत जीवाश्म असले तर त्यावरून क्रम लावता यायचा. ॲडम सेजविक यांनी १८३५ मध्ये वेल्समधल्या थरांना कँब्रियन नाव दिले, आणि त्याच्या वरच्या थरांचा हिशेब जीवाश्मांच्या मदतीने भराभर लागत गेला. खाली उरला तो जीवाश्म नसलेला, दाबला गेलेला, भाजून निघालेला, स्फटिकांनी भरलेला खडक. त्याचे काय करायचे ते कुणालाच कळेना. कॅनडात विल्यम लोगन यांनी अशा खडकांचे लॉरेन्शियन आणि ह्युरोनियन असे दोन भाग पाडले. १८७२ मध्ये अमेरिकेच्या जेम्स ड्वाइट डेना यांनी सगळ्या जुन्या स्फटिकी खडकांसाठी आर्कियन हे नाव पुढे आणले. त्यात नकळत एक गृहीतक शिरले. जितका खडक जास्त पिळवटलेला, तितका तो जुना. दिसण्यावरून वय.

आपल्या बाजूला हे काम रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केले. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन दगडी हत्यार शोधणारे तेच. इंग्रज ज्याला “दक्षिण मराठा मुलूख” म्हणत, त्या बेळगाव, विजापूर, धारवाड आणि आसपासच्या संस्थानी प्रदेशाच्या भूरचनेवरचा त्यांचा अहवाल १८७६ मध्ये निघाला. कलादगी हे नाव त्यांनीच रूढ केले. पुढे १८८० च्या दशकात त्यांनी धारवाड हा गट वेगळा काढला. हिरवट-काळपट शिस्ट (दाबाने पापुद्रे धरलेला खडक), लोहखनिजाचे पट्टे आणि त्यांच्यासोबतचे खडक असा तो गट. फूट यांच्या मते धारवाडचे खडक खालच्या नाईसवर नंतर साचलेले होते. नाईस म्हणजे पट्टिताश्म, फिकट आणि गडद पट्ट्यांचा, ग्रॅनाइटसारखा दिसणारा खडक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर थॉमस हॉलंड यांनी भारतातल्या सगळ्या खडकांचे चार मोठे भाग केले: आर्कियन, पुराण, द्राविड आणि आर्यन. पुराण गटात कडप्पा, विंध्य, कलादगी आणि भीमा ही खोरी (गाळ साचत गेलेले खोलगट भाग) येतात. म्हणजे नाईस-शिस्टच्या पायावर, मधली मोठी झीज झाल्यावर, आडवे साचलेले वालुकाश्म, शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक) आणि चुनखडक. तुमच्या पुस्तकातला क्रम थोडाफार याच परंपरेतून आलाय. या परंपरेत पुस्तके “आर्कियन” म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा तो पायाचा नाईस म्हणायचा असतो, काळ नव्हे. म्हणून धारवाड त्याच्यानंतर लिहिले जाते.

पण धारवाड खरोखर नाईसनंतरचे आहे का, यावरच पुढे मोठे भांडण झाले. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्याचे प्रमुख डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी उलटा दावा केला. नाईसच्या शिरा शिस्टमध्ये घुसलेल्या दिसतात, तेव्हा शिस्ट आधीचे आणि नाईस नंतर खालून घुसलेला. द्वीपकल्पीय नाईस हे नाव त्यांच्याच १९१६ च्या मांडणीतले. विरोधकांचे म्हणणे असे, की धारवाडच्या काही पिंडाश्मांत (गोटे एकत्र चिकटून झालेल्या खडकांत) नाईसचे आणि ग्रॅनाइटचे गोटे सापडतात. गोटा पिंडाश्मात असेल तर ज्या खडकाचा तो गोटा आहे तो खडक आधीचा असलाच पाहिजे. दोन्ही पुरावे डोळ्यांनी दिसणारे, दोन्ही पक्के, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. कितीतरी वर्षे हे असेच चालले.

उत्तर असे निघाले की शिस्ट एकाच वयाचे नव्हतेच. एक जुना गट, ज्याला सरगूर म्हणतात, तो नाईसच्या आधीचा किंवा त्याच्याबरोबरीचा. दुसरा, म्हणजे खरा धारवाड महागट, नाईस थंड होऊन, उघडा पडून, झिजल्यावर त्याच्यावर साचलेला. जे. स्वामीनाथ आणि एम. रामकृष्णन यांनी १९८१ मध्ये दक्षिण कर्नाटकच्या कामात ही विभागणी नीट मांडली. आज किरणोत्सारी पद्धतीने आलेली वये साधारण अशी: द्वीपकल्पीय नाईस ३४० ते ३०० कोटी वर्षे, धारवाड महागट २९० ते २६० कोटी, आणि शेवटी या सगळ्याला छेदून वर आलेला रामनगरकडचा क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी. स्मीथ सरगूरबद्दल बरोबर होते आणि फूट धारवाडबद्दल. नुसत्या दिसण्यावरून दोन्ही शिस्ट एका टोपलीत टाकले गेले, हे भांडणाचे खरे मूळ.

आता काळाची यादी. आंतरराष्ट्रीय तक्त्यात पृथ्वीचा इतिहास चार मोठ्या युगांत विभागलाय. हेडियन ४५६.७ ते ४०३.१ कोटी वर्षांपूर्वी, आर्कियन ४०३.१ ते २५० कोटी, प्रोटेरोझोइक २५० ते ५३.९ कोटी, आणि तिथून आजपर्यंत फॅनेरोझोइक. पहिल्या तिन्हींना मिळून सवयीने कँब्रियनपूर्व म्हणतात. पृथ्वीच्या आयुष्याचा ८८ टक्के भाग त्यात जातो. पुस्तकात मात्र त्याला दोन पाने मिळतात आणि डायनोसॉरना वीस.

या सीमा ठरवण्याची पद्धत लक्षात घ्या, परीक्षेत कधीतरी विचारतील. अलीकडच्या काळाच्या सीमा प्रत्यक्ष खडकातल्या एका बिंदूवर ठरतात. जगात कुठेतरी एक उत्तम छेद निवडायचा आणि त्यातल्या ठरावीक थराला प्रमाण मानायचे. कँब्रियनचा पाया कॅनडात न्यूफाउंडलंडमध्ये आहे, कृमीसदृश प्राण्यांच्या एका विशिष्ट बिळाच्या खुणेवर ठरवलेला. आर्कियन आणि प्रोटेरोझोइकमधल्या सीमेला असा कुठलाही थर नाही. तिथे सरळ २५० कोटी हा गोल आकडा घेतलाय. कँब्रियनपूर्व काळात खडकातला बिंदू मिळालेला पहिला कालखंड म्हणजे एडियाकरन. त्याचा पाया ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगेत २००४ मध्ये निश्चित झाला, ६३.५ कोटी वर्षांवर. तेव्हा २५० कोटी या रेषेवर पृथ्वीवर एका दिवसात काही बदलले असे समजू नका. ती माणसाने सोयीसाठी ओढलेली रेघ आहे. आणि या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच विचारले तर धारवाड पलीकडे, म्हणजे आर्कियनमध्ये.

हे आकडे येतात मुख्यतः झिर्कॉन नावाच्या खनिजातून. ग्रॅनाइटसारखा खडक थंड होताना झिर्कॉनचे बारीक कण तयार होतात. त्यांच्या स्फटिकात युरेनियम सहज शिरते, शिसे मात्र जवळजवळ शिरत नाही. मग आज त्यात जे शिसे सापडते ते नंतर युरेनियमपासूनच तयार झालेले. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि युरेनियम-२३५ निम्मे व्हायला सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळे, एकाने दुसऱ्याची चूक पकडायची. म्हणून भूवैज्ञानिक झिर्कॉनवर एवढा विश्वास ठेवतात.

मात्र झिर्कॉनचे वय आणि तो ज्या खडकात सापडला त्याचे वय एकच असेल असे नाही. पडलेल्या वाड्याची सागवानी तुळई नव्या घराला लावली तर तुळई घरापेक्षा जुनी असते, तसेच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला ४४० कोटी वर्षांचा झिर्कॉन पृथ्वीवर तयार झालेला सर्वांत जुना ज्ञात कण, पण तो सापडला त्याच्याहून खूप तरुण पिंडाश्मात. आपल्याकडे ओडिशातल्या चंपुआ भागात सिंगभूमच्या नाईसमध्ये सुमारे ४२४ कोटी वर्षांचे झिर्कॉन सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही त्या खडकाने आधीच्या कवचातून उचललेले. बातम्यांत याचे “भारतात ४२४ कोटी वर्षांचा खडक” असे होते. तसे नाही.

हेडियनचे खडक जवळजवळ उरलेलेच नाहीत. पृथ्वीचे वय मिळाले उल्कांवरून. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून ४५५ कोटी वर्षे हा आकडा काढला आणि तो आजही फारसा हललेला नाही. सुरुवातीच्या काही कोटी वर्षांत मंगळाच्या आकाराचा एक गोल पृथ्वीवर आदळला, त्या राड्यातून चंद्र झाला आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वितळलेल्या लाव्ह्याचा समुद्र होता, हे आजचे सर्वमान्य चित्र. तरी जॅक हिल्सच्या झिर्कॉनमधला ऑक्सिजन सांगतो की थोड्याच काळात पृष्ठभागावर पाणी होते. कॅनडातला अकास्टा नाईस सुमारे ४०३ कोटी वर्षांचा. हेडियनची वरची सीमा त्याच्यावरूनच आलीय. त्याच देशातल्या नुव्वुआगिटुक पट्ट्याचे खडक याहून जुने असल्याचा दावा आहे, त्यावर वाद चालू आहे.

आर्कियनमध्ये मात्र बघायला भरपूर आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. पृथ्वीच्या पोटात तेव्हा उष्णता जास्त होती, त्यामुळे कोमाटिआइट नावाचा लाव्हा वर यायचा. त्याचे तापमान १६०० अंशांच्या आसपास. आजचा बेसाल्ट लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंशांचा असतो, यावरून कल्पना करा. कोमाटिआइट हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून पडले. तो खडक कर्नाटकातल्या जुन्या शिस्ट पट्ट्यांतही आहे. याच काळात हलके, सोडियमयुक्त ग्रॅनाइटी खडक मोठ्या प्रमाणावर तयार झाले आणि खंडांचे पहिले टिकाऊ गाभे उभे राहिले. बंगळूरच्या लालबागेतला तो टेकाडासारखा खडक, ज्यावर केम्पेगौडाची छोटी बुरुजी आहे, तो याच द्वीपकल्पीय नाईसचा. सरकारने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलेय. बंगळूरला नोकरीला असलेल्या कोल्हापूरकरांनी एकदा तरी त्यावर बसून यावे.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती हवेची गोष्ट. आर्कियनमध्ये हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. पुरावा काय? धारवाडच्या तळाशी बाबाबुदनच्या बाजूला क्वार्ट्झच्या गोट्यांचे पिंडाश्म आहेत. त्यांत नदीने वाहून आणलेले पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) आणि युरेनियम खनिजाचे कण मिळतात. पायराइट आज पावसात ठेवा, दोन-तीन पावसाळ्यांत गंजून तांबडे होईल. नदीत गोल गोल होईपर्यंत ते टिकले, म्हणजे हवेत गंजवणारे काही नव्हते. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह होते आणि ते थराथराने तळाशी बसत गेले. त्यातून लोहपट्टित खडक झाले. संडूर, कुद्रेमुख, गोवा इथल्या खाणी आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातल्या रेडीचे लोहखनिज याच खडकांच्या कुळातले. नंतर सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हवेत ऑक्सिजन साठायला लागला. त्यानंतरच्या नदी-किनाऱ्यांच्या वाळूत लोह गंजूनच बसते. बदामीच्या लेण्यांचा तांबडा वालुकाश्म त्या नंतरच्या काळातला. रेडीचा दगड आणि बदामीचा दगड शेजारी ठेवले की मधला बदल हातात येतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जिल्ह्याकडे.

कोल्हापूर शहर, पन्हाळा, जोतिबा, करवीर, कागल, हातकणंगले, सगळीकडे दख्खनचा बेसाल्ट. अंबाबाईचे देऊळ, खिद्रापूरचे कोपेश्वर, सगळे त्याच काळ्या दगडाचे. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. माथ्यावर जांभा, तो तर त्याहूनही नंतर, बेसाल्ट कुजून तयार झालेला. आपल्या लोकांना काळा कातळ फार पुरातन वाटतो. “सह्याद्री हिमालयाहून जुना” हे वाक्य तर शाळेत पाठच करून घेतात. डोंगर म्हणून ते ठीक आहे, पण खडक म्हणून नाही. लघु हिमालयाच्या रांगांत १८०-१९० कोटी वर्षांचे नाईस आहेत. डोंगर कधी उचलला गेला आणि तो ज्याचा बनलाय तो खडक कधी झाला, हे दोन वेगळे प्रश्न.

बेसाल्टची जाडी दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जाते. त्यामुळे आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज या भागांत ठिकठिकाणी त्याच्याखालचे कलादगीचे वालुकाश्म, क्वार्टझाइट (घट्ट होऊन अतिकठीण झालेला वालुकाश्म) आणि शेल उघडे पडतात. चंदगडच्या बाजूला त्याहून जुन्या धारवाड गटाच्या शिस्टसारख्या खडकांचे तुकडेही नकाशावर दाखवलेले आहेत. ओळखायचे कसे? बेसाल्टचा ताजा तुकडा काळा, कण डोळ्याला न दिसणारा. क्वार्टझाइट पांढरा, राखाडी किंवा गुलाबीसर, उन्हात चमकणारा, आणि काचेवर घासला तर ओरखडा उठवणारा. शेतातली माती फिकट, रेताड झाली की खालचा खडक बदललाय असे समजा. बोअरवाले हे बरोबर ओळखतात, “हितं पांढरा हार्ड लागतोय” म्हणतात आणि बिट झिजते म्हणून दर वाढवून मागतात. पाणी लागले तर ते भेगांत लागते. बेसाल्टमध्ये दोन लाव्हा थरांच्या मधे पाणी शोधायची सवय असलेल्या माणसाचा अंदाज इथे चुकतो.

एका दिवसात जाऊन यायचे तर गोकाकला जा. घटप्रभा जिथून खाली पडते तो कडा कलादगीच्याच क्वार्टझाइटी वालुकाश्माचा. थर स्पष्ट आडवे दिसतात. अशा थरांच्या पृष्ठभागावर उथळ पाण्याच्या लाटांनी उठवलेल्या वाळूच्या वळ्या शोधायच्या असतात. दगडात पक्क्या झालेल्या त्या वळ्या शंभर कोटींच्या घरातल्या किनाऱ्याच्या. पावसाळ्यात धबधबा छान दिसतो पण खडक दिसत नाही. खडकासाठी हिवाळ्यात जा.

आणि बेसाल्टच्या थेट खाली काय आहे? कोयनेला १९६७ च्या डिसेंबरात भूकंप झाला, धरणाशी त्याचा संबंध जोडला गेला, आणि पुढे त्याच्या अभ्यासासाठी तिथे खोल बोअर घेतली गेली. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा आहे. कोयनेजवळच्या रासाटीच्या बोअरमध्ये ९३३ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइट-नाईस. मधे कलादगी नाही, वाळू नाही, नदीचा गाळ नाही. तो नाईस धारवाडच्याच प्राचीन खंडगाभ्याचा उत्तरेकडचा भाग, आर्कियन वयाचा. म्हणजे ६.६ कोटी वर्षांचा खडक २५० कोटींहून जुन्या खडकावर थेट टेकलेला, आणि मधला जवळपास अडीचशे कोटी वर्षांचा हिशेबच गायब. कुठे काही साचले नाही, कुठे साचलेले वाहून गेले. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसाल्ट फक्त ३३८ मीटर निघाला, मग थोडा गाळ, आणि पुन्हा तोच जुना पाया. गारगोटीजवळ कलादगी आहे आणि कोयनेत नाही, यावरून लक्षात येईल की “आर्कियन, धारवाड, कडप्पा, विंध्य…” ही यादी म्हणजे कुठल्याही एका जागी खणत गेल्यावर त्याच क्रमाने लागणारे थर नव्हेत.

या यादीबद्दल अजून एक सावधगिरी. “कडप्पा संपले, मग विंध्य सुरू झाले” असे समजू नका. विंध्य खोऱ्याच्या खालच्या भागातल्या ज्वालामुखीच्या राखेची वये सुमारे १६३ कोटी वर्षे निघाली. त्याआधी हा भाग बराच तरुण मानायचे. कडप्पाच्या खालच्या भागातला एक आग्नेय खडक सुमारे १८९ कोटींचा. दोन्ही खोरी लांबच लांब काळ भरत होती आणि त्यांचे काळ एकमेकांवर चढतात. कलादगीतही खालचा बागलकोट गट आणि वरचा बदामी गट यांच्यामध्ये मोठी झीज झालेली आहे. खालचे थर वळलेले, तिरके, आणि वरचे आडवे.

परीक्षेत प्रश्न “भारतातील खडकांचा जुन्याकडून नव्याकडे क्रम लावा” असा आला तर पुस्तकातलाच क्रम लिहा, तिथे वाद घालू नका. गुण त्यालाच आहेत, आणि नाईसच्या पायावर धारवाड, त्यानंतर पुराण खोरी हा ढोबळ क्रम चुकीचा नाहीच. प्रश्न “धारवाड खडक कोणत्या युगातले” असा आला तर आर्कियन. आणि “आर्कियन खडकांत जीवाश्म नसतात” हे विधान बरोबर की चूक असे विचारले, तर पर्याय नीट वाचा. प्राण्यांचे जीवाश्म नसतात हे बरोबर. पण सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले स्ट्रोमॅटोलाइट धारवाडच्या चुनखडकात सापडलेले आहेत, आणि कलादगीच्या डोलोमाइटमध्येही आहेत. जुन्या गाइडमध्ये आर्कियनला सरसकट “निर्जीव” म्हटलेले असते, ते खोडून टाका.